कागदावर काय ठरवावे, करून काय पाहावे : मागणीनुसार डेटाबेस सॉफ्टवेअर घडवण्याची एक रीत

पुण्यात लहान-मध्यम कारखान्यांना, व्यापाऱ्यांना आणि संस्थांना त्यांच्या गरजेप्रमाणे डेटाबेस सॉफ्टवेअर करून देणारे अनेक छोटे गट आहेत. त्यांच्या कामात दोन टोके वारंवार दिसतात. काही गट दोन-दोन महिने बैठका घेतात, शंभर पानांचा दस्तऐवज करतात, त्यावर सह्या घेतात आणि मगच कामाला हात घालतात; तोवर ग्राहकाचा उत्साह मावळलेला असतो, आणि पहिली स्क्रीन पाहिल्यावर तो म्हणतो की हे मला अभिप्रेतच नव्हते. दुसरे गट पहिल्या भेटीनंतर आठवडाभरातच चालती स्क्रीन दाखवतात. ग्राहक खूश होतो, त्यात नोंदी भरू लागतो, आणि सहा महिन्यांनी लक्षात येते की टेबलांची, म्हणजे नोंदी साठवण्याच्या तक्त्यांची, मूळ रचनाच चुकली आहे आणि हजारो नोंदी आता त्या चुकीच्या साच्यात बसल्या आहेत.

विश्लेषण (आधी कागदावर करायचा अभ्यास) किती आणि प्रोटोटाइप (वापरून पाहण्यासाठी केलेला कच्चा नमुना) किती, याचे उत्तर टक्केवारीत देता येत नाही. निर्णय कोणत्या जातीचा आहे यावरून ते ठरवावे. डेटा साठल्यानंतर जो निर्णय फिरवणे महाग पडते, तो आधी कागदावर, खरी कागदपत्रे समोर ठेवून घ्यावा. जो निर्णय फिरवणे स्वस्त आहे, पण वापरून पाहिल्याशिवाय ज्याचे उत्तर कोणालाच सांगता येत नाही, तो प्रोटोटाइपवर सोडावा. पुढची सर्व मांडणी या एका निकषावर उभी आहे.

उदाहरणासाठी भोसरी एमआयडीसीतील मशीनिंगचे जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम, करणारा एक युनिट डोळ्यांपुढे ठेवू. ग्राहक कास्टिंग (ओतीव भाग) पाठवतात, ती आवक चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, येतात, त्यांचे टर्निंग-ड्रिलिंग होते, आणि तयार नग जावक चलनावर परत जातात. बिल फक्त मजुरीचे होते. नोंदी आज काही वहीत, काही एक्सेलमध्ये आणि हिशेब टॅलीत आहेत. मालकांना या सगळ्याचे एकच सॉफ्टवेअर हवे आहे.

पहिली पायरी : कागद गोळा करा, आणि बिघडलेले कागद आधी मागा

पहिल्या बैठकीत "तुम्हाला काय काय हवे आहे?" असा प्रश्न विचारल्यास अहवालांची लांब यादी मिळते, पण काम कसे चालते ते कळत नाही. त्याऐवजी आवक चलने, जावक चलने, बिले, स्टोअरची नोंदवही आणि ग्राहकाने परत पाठवलेल्या मालाची कागदपत्रे यांच्या प्रती मागाव्यात. त्यात मार्च आणि एप्रिल हे दोन महिने असलेच पाहिजेत, कारण आर्थिक वर्ष बदलताना क्रमांक, शिल्लक आणि दर यांचे जे होते ते इतर दहा महिन्यांत दिसत नाही.

नीटनेटके चलन सर्वांचे सारखेच असते. खोडलेले, रद्द केलेले, समासात पेनाने "४ नग कमी आले" असे लिहिलेले किंवा दोन चलनांचा माल एकत्र टाचलेले कागद खरे बोलके असतात. अशा प्रत्येक कागदाबद्दल तो लिहिणाऱ्या माणसालाच विचारावे, "हे झाले तेव्हा तुम्ही काय केलेत?" मालक सांगतात तो नियम असतो, स्टोअरमधले काका सांगतात ती वहिवाट असते. सॉफ्टवेअरला दोन्ही झेलावे लागतात.

एक संध्याकाळ डिस्पॅचच्या टेबलाशेजारी नुसते बसून काढावी. भोसरी-पिंपरी पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून माल बाहेर काढण्याची बुधवार संध्याकाळची घाई पाहिली तर शांत दुपारच्या तीन बैठकांपेक्षा अधिक हाती लागते.

दुसरी पायरी : प्रत्येक आकडा कोणाचा, ते लिहून काढा

मालकांना "किती माल शिल्लक आहे" हे एका नजरेत पाहायचे असते. स्टोअरच्या दृष्टीने तो आकडा म्हणजे आवारात प्रत्यक्ष असलेले नग. ग्राहकाच्या दृष्टीने तो म्हणजे पाठवलेल्यांपैकी परत न आलेले नग, त्यात कास्टिंगमधल्या दोषामुळे बाजूला पडलेलेही आले. हिशेबाच्या दृष्टीने तो म्हणजे परत गेलेले, पण बिल न झालेले नग. हे तीन आकडे एकाच भागासाठी, एकाच दिवशी वेगवेगळे असतात आणि तिन्ही बरोबर असतात.

त्यामुळे असा प्रत्येक आकडा कोणत्या नोंदींतून निघतो, कोण तो वापरतो आणि तो कोणत्या क्षणी बदलतो, हे एका पानावर लिहावे. रिजेक्शनचेही तसेच. कास्टिंगमधल्या ब्लो होलमुळे (ओतताना राहिलेल्या पोकळीमुळे) बाद झालेला नग, म्हणजे सीआर (कास्टिंग रिजेक्शन), ग्राहकाच्या खाती जातो. मशीनवर बिघडलेला नग, म्हणजे एमआर (मशीनिंग रिजेक्शन), जॉबवर्क करणाऱ्याच्या खाती. दोन्ही एकाच "रिजेक्शन" रकान्यात टाकले की वर्षाअखेरीचा वाद मिटवायला कोणताही अहवाल पुरत नाही.

तिसरी पायरी : निर्णयांची वाटणी करा

आता हाती आलेल्या सर्व प्रश्नांची एक यादी करावी आणि प्रत्येकापुढे लिहावे : दोन वर्षांच्या नोंदी साठल्यावर हे बदलायचे ठरले तर काय करावे लागेल? स्क्रीनची मांडणी बदलावी लागेल असे उत्तर आले तर तो प्रश्न प्रोटोटाइपचा. जुन्या नोंदींत नसलेली माहिती शोधून भरावी लागेल असे उत्तर आले तर तो विश्लेषणाचा, आणि त्यावर आजच वेळ घालवलेला बरा. न टिपलेली माहिती नंतर कोणत्याही हुशार क्वेरीने (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने) परत मिळत नाही.

आपल्या उदाहरणात असे काही प्रश्न आहेत जे कोणत्याही प्रोटोटाइपमध्ये दिसणार नाहीत, आणि म्हणूनच ते कागदावर पकडावे लागतात.

आवक आणि जावक यांचा संबंध हा त्यांतला सर्वात मोठा. सोपी रचना अशी की भागागणिक एक शिल्लक ठेवावी, आवक झाली की वाढवावी, जावक झाली की घटवावी. प्रात्यक्षिकात ती उत्तम चालते. परंतु केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम १४३ नुसार जॉबवर्कसाठी पाठवलेला कच्चा माल एका वर्षात, तर भांडवली वस्तू तीन वर्षांत परत यायला हव्यात. साचे, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना तीन वर्षांची ही मुदत लागू नाही. माल मुदतीत परत आला नाही, तर ज्या दिवशी तो पाठवला त्याच दिवशी त्याचा पुरवठा झाला असे मानले जाते. जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर असल्यामुळे तो ग्राहक कधी ना कधी विचारणारच की माझ्या कोणत्या चलनाचे किती नग तुमच्याकडे किती दिवस पडून आहेत. एका आवक चलनाचा माल पाच जावक चलनांवर जातो आणि एका जावक चलनावर तीन आवक चलनांचा माल असतो. म्हणून आवकेची ओळ आणि जावकेची ओळ यांना जोडणारे, नगसंख्या सांगणारे एक स्वतंत्र टेबल पहिल्या दिवसापासून लागते. ते नसेल तर दोन वर्षांनी ही जोडणी अंदाजाने करावी लागते आणि त्या अंदाजावर कोणीही सही करत नाही.

दुसरा प्रश्न बिलाच्या क्रमांकाचा. नियमानुसार कर बिलाचा क्रमांक सलग असावा, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये. डेटाबेसची स्वयंचलित क्रमांक देण्याची सोय येथे पुरत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचा सीक्वेन्स असो किंवा मायएसक्यूएलचा ऑटो-इन्क्रिमेंट, व्यवहार अर्ध्यात रद्द झाला तरी घेतलेला क्रमांक परत येत नाही आणि मालिकेत भोक पडते. एकट्याने चाचणी करताना हे बहुधा घडत नाही. दोन माणसे एकाच वेळी बिल करू लागली, मध्येच वीज गेली, की घडते. म्हणून आतली ओळख म्हणून एक अर्थहीन क्रमांक आणि बिलावर छापायचा क्रमांक निराळा, तो बिल पक्के करतानाच दिला जाणारा, अशी विभागणी आधीच ठरवावी.

तिसरा प्रश्न काळाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर मोठ्या प्रमाणावर बदलले. ज्या प्रणालींत कराचा दर फक्त भागाच्या किंवा सेवेच्या टेबलात ठेवलेला असतो, तेथे दर बदलला की जुने बिल पुन्हा छापताना नवा कर दिसतो. कराचा दर, मजुरीचा दर आणि ग्राहकाचा पत्ता बिलाच्या नोंदीतच जसाच्या तसा उतरवून ठेवावा. नॉर्मलायझेशनचे, म्हणजे एक माहिती एकाच जागी ठेवण्याच्या रीतीचे, धडे गिरवलेल्यांना ही पुनरुक्ती खटकते, पण "आजचा दर" आणि "त्या बिलात लावलेला दर" या दोन वेगळ्या वस्तुस्थिती आहेत आणि दोन्ही साठवणे हेच शुद्ध रचनेला धरून आहे.

बाकीचे थोडक्यात. जीएसटी क्रमांक राज्यागणिक वेगळा असतो, म्हणून २७ ने सुरू होणारा महाराष्ट्राचा क्रमांक आणि त्याच कंपनीचा गुजरातचा क्रमांक एका ग्राहकाखाली बसले पाहिजेत. कास्टिंग काही चलनांवर किलोत येतात आणि बिल नगांवर होते, म्हणून प्रमाणाजवळ एककाचा रकाना हवा आणि वजन-नग यांचे गुणोत्तर तारखेसह हवे. पैशासाठी फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नये, दशांश प्रकार वापरावा. पक्की नोंद पुसू नये, रद्द अशी खूण करावी.

याउलट आवक नोंदवताना आधी ग्राहक विचारावा की भाग, शोध ड्रॉइंग नंबरच्या (भागाच्या नकाशाच्या क्रमांकाच्या) शेवटच्या तीन आकड्यांवर चालावा की नावावर, कळफलकावर काम व्हावे की माउसवर, एका स्क्रीनवर किती ओळी दिसाव्यात, भागांची नावे मराठीत हवीत की इंग्रजीत, या प्रश्नांवर बैठकीत तासभर चर्चा होऊ लागली तर ती तिथेच थांबवावी. त्यांची उत्तरे बैठकीत नसतातच.

चौथी पायरी : एका पानाचा आराखडा आणि हाताने भरलेल्या नोंदी

कागदावर ठरलेल्या गोष्टींवरून टेबलांचा आराखडा एकाच पानावर काढावा. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली घटक-संबंध आकृती, म्हणजे कोणत्या गोष्टींच्या नोंदी आहेत आणि त्या एकमेकींशी कशा जोडल्या आहेत हे दाखवणारे चित्र, यासाठी आजही पुरेशी आहे. हे पान ग्राहकाला दाखवून सही घेण्यात मात्र अर्थ नाही, कारण त्यातल्या रेषा त्याला वाचता येत नाहीत आणि तो सौजन्याने मान हलवतो.

त्याऐवजी पहिल्या पायरीत गोळा केलेल्यांपैकी सर्वात वाईट दहा-बारा कागद घ्यावेत आणि त्यांच्या नोंदी आराखड्यातील टेबलांत ओळीओळीने हाताने भराव्यात. एक्सेलमध्ये प्रत्येक टेबलासाठी एक पान केले तरी चालते. रद्द झालेले चलन कुठे बसते? ग्राहकाने परत पाठवलेले, रिवर्क (दुरुस्ती) करून पुन्हा गेलेले नग दोनदा मोजले जातात का? कागदावरची एखादी माहिती ठेवायला जागाच नसेल तर आराखडा बदलायचा. स्टोअरमधल्या माणसाला या भरलेल्या ओळी वाचता येतात, आणि तो लगेच सांगतो की असे कधी होत नाही किंवा असे रोज होते. या कामाला ग्राहकाबरोबरची दोन-तीन सत्रे पुरतात.

पाचवी पायरी : पहिला प्रोटोटाइप स्क्रीनचा नको, जुन्या डेटाचा हवा

या पायरीचा मी विशेष आग्रह धरतो, कारण ती बहुतेक जण शेवटाला ठेवतात. आराखड्याप्रमाणे खरा डेटाबेस उभा करावा, त्यात बंधने, म्हणजे चुकीची नोंद नाकारणारे नियम, पूर्ण कडक ठेवावीत, आणि ग्राहकाच्या एक्सेलमधील एका वर्षाच्या नोंदी त्यात भरण्याचा प्रयत्न करावा. डेटाबेस ज्या ओळी नाकारेल त्या प्रत्येक ओळीत एक प्रश्न दडलेला असतो.

एकाच ग्राहकाची चार स्पेलिंगे, दोन भागांना एकच ड्रॉइंग नंबर, आवकेपेक्षा जास्त झालेली जावक, तारखेच्या रकान्यात "सोमवारी देणार" असा मजकूर, हे सर्व येथे बाहेर पडते. यांतले काही निव्वळ टंकनदोष असतात, पण काही मुद्दाम केलेल्या गोष्टी असतात. एकाच ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती आली असेल आणि दर बदलला असेल, तर आराखड्यात आवृत्तीचा रकाना राहून गेला आहे असे समजावे. आवकेपेक्षा जास्त जावक दिसली, तर चलन येण्याआधी माल येतो आणि काम सुरू होते, हे बैठकीत कोणी न सांगितलेले सत्य हाती लागते. जुना मजकूर श्रीलिपीसारख्या प्रणालीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला असेल तर त्याचे रूपांतर करावे लागते, आणि त्याला किती वेळ लागेल हेही आत्ताच कळते.

डेटात कामगारांची आधारसारखी वैयक्तिक माहिती असल्यास ती प्रोटोटाइपमध्ये आणूच नये. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि चाचणीच्या लॅपटॉपवर अशा प्रती विखुरणे तसेही गैरच.

सहावी पायरी : स्क्रीनचा प्रोटोटाइप, एका वेळी एक प्रश्न

आता स्क्रीनकडे वळावे. प्रत्येक प्रोटोटाइप सुरू करण्यापूर्वी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे ते एका वाक्यात लिहावे. उदाहरणार्थ : "ट्रक दारात उभा असताना सहा ओळींचे जावक चलन डिस्पॅचचा माणूस वहीपेक्षा कमी वेळात करू शकतो का?" असे वाक्य लिहिता येत नसेल तर तो प्रोटोटाइप करू नये, त्यातून कौतुक मिळेल, माहिती मिळणार नाही. मांडणीचा प्रश्न असेल तर कागदावर पेन्सिलीने काढलेली स्क्रीन पुरते. वेगाचा, शोधाचा किंवा दोघांनी एकाच वेळी काम करण्याचा प्रश्न असेल तर चालती स्क्रीन लागते, आणि ती पाचव्या पायरीतल्या खऱ्या डेटावरच चालवावी, कारण पाच नमुना भागांच्या यादीत कोणतीही शोधपद्धत सोयीची वाटते, आठशे भागांत वाटत नाही.

चाचणी जो माणूस रोज काम करतो त्याच्याकडून, त्याच्या जागेवर घ्यावी. त्याच्या हाताला तेल असते, शेजारी मशीनचा आवाज असतो, मध्येच ड्रायव्हर घाई करतो. अशा वेळी विकसकाने गप्प बसावे. "इथे क्लिक करा ना काका" असे एकदा जरी तोंडून निघाले तरी त्या चाचणीचा उपयोग संपला. तो कुठे थबकतो, कुठल्या कागदाकडे पुन्हा पाहतो आणि कोणता रकाना नेहमी रिकामा सोडतो ते टिपावे. रिकामा सुटणारा रकाना सक्तीचा केला तर तिथे एक टिंब किंवा शून्य भरले जाते, आणि खोटा डेटा रिकाम्यापेक्षा वाईट.

या चाचण्यांत कधी कधी मूळ आराखड्याला धक्का बसतो. तसे झाले तर लाजू नये आणि लपवूही नये; चौथ्या पायरीचे पान काढून त्यावर बदल करावा, डेटाबेस तारखेनुसार क्रमांक दिलेल्या मायग्रेशन फाइलींनी (रचनेतील बदल लिहिलेल्या फाइलींनी) बदलावा आणि जुना डेटा पुन्हा भरून पाहावा. हा फेरा अर्ध्या दिवसात होत असेल तर गट मोकळेपणाने बदल करतो. तीन दिवस लागत असतील तर बदल टाळू लागतो. म्हणून डेटा भरण्याची स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) हाताने चालवण्याजोगी ठेवू नये, एका आज्ञेत चालेल अशी करावी.

टाकायचे की वाढवायचे, हे आधी ठरवा

चालती स्क्रीन पाहिली की मालक म्हणतात, "झालेच की, उद्यापासून वापरू." इथे अनेक प्रकल्प घसरतात. टेबलांची रचना आणि डेटा भरण्याची स्क्रिप्ट पुढे वाढवण्यासाठी आहेत आणि स्क्रीन टाकून देण्यासाठी आहेत, हे काम सुरू होण्याआधीच लेखी सांगावे. त्या स्क्रीनमध्ये परवानग्या नसतात, बॅकअप नसतो, चुकलेला व्यवहार मागे घेण्याची सोय नसते. प्रोटोटाइपमधून छापल्या जाणाऱ्या प्रत्येक बिलावर आणि चलनावर आडवे, ठळक "नमुना" छापावे, म्हणजे ते कागद घेऊन गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.

एकदा करून पाहावे आणि मग पक्के करावे, हा विचार नवा नाही. विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखातील आकृती पुढे धबधबा पद्धतीचे, म्हणजे एक टप्पा पूर्ण संपवूनच पुढच्याला हात घालण्याच्या रीतीचे, मूळ म्हणून ओळखली गेली, पण त्याच लेखात त्यांनी ती पद्धत तशीच राबवणे धोक्याचे असल्याचे म्हटले होते आणि अंतिम प्रणालीआधी एक प्राथमिक प्रणाली घडवून पाहावी असे सुचवले होते.

पैशाची बोलणी

लहान उद्योगांत पहिल्याच भेटीत "एकूण किती?" असे विचारले जाते, आणि ते रास्तही आहे. पण त्या क्षणी दिलेला ठोक आकडा दोघांनाही घातक ठरतो : विकसक तो वाचवण्यासाठी विश्लेषण आखडते घेतो, आणि ग्राहक त्याच आकड्यात प्रत्येक नवी कल्पना बसवू पाहतो. पहिल्या पाच पायऱ्यांचे काम वेगळे, ठरावीक किमतीचे आणि पूर्ण मोबदल्याचे ठेवावे. त्याअखेर ग्राहकाच्या हाती आकड्यांचे पान, आराखडा, स्वच्छ केलेला डेटा आणि उरलेल्या प्रश्नांची यादी पडावी, आणि ते सर्व घेऊन तो दुसऱ्या कोणाकडेही जाऊ शकेल असे करारात लिहावे. ही मुभा दिली की विश्वास बसतो. पुढच्या कामाचा अंदाजही मग डेटा पाहून दिलेला असतो.

विश्लेषण कधी थांबवावे

नवे बिघडलेले कागद आणले तरी आराखड्यात बदल होत नाही, आणि उरलेले प्रश्न सर्व "कसे दिसावे" या जातीचे आहेत, असे झाले की थांबावे. दोन बैठकांत तोच प्रश्न परत आला आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळे मिळाले, तर तिसरी बैठक घेऊ नये, प्रोटोटाइप करावा. उलट, प्रोटोटाइपच्या सलग दोन फेऱ्यांत टेबलांत नवे रकाने वाढत राहिले तर स्क्रीनचे काम बंद करून पुन्हा कागदांकडे जावे.

सुरुवातीची शिल्लक

बिलांची मालिका १ एप्रिलला नवी होते, म्हणून सर्व काही त्याच दिवशी सुरू करण्याचा मोह होतो. पण मार्चअखेरीस हिशेबनीस, सीए आणि मालक तिघेही गुंतलेले असतात. आवक-जावक फेब्रुवारीतच वहीबरोबर समांतर सुरू करावी, रोज संध्याकाळी दोन्हींतील फरक काढावा, आणि बिले तेवढी १ एप्रिलपासून घ्यावीत.

समांतर नोंदी सुरू करण्याआधी ग्राहकांची जुनी शिल्लक भरावी लागते. येथे घाईत "या भागाचे ३४० नग शिल्लक" अशी एकच बेरीज टाकण्याचा सल्ला दिला जातो. तो मानू नये. प्रत्येक उघडे आवक चलन त्याच्या मूळ क्रमांकाने आणि मूळ तारखेने, उरलेल्या नगांसह स्वतंत्र ओळीत भरावे, आणि ती यादी ग्राहकाच्या स्टोअरला पाठवून त्यांच्या नोंदींशी जुळवून घ्यावी. जुळणी होईपर्यंत त्या ग्राहकाचे जावक चलन नव्या प्रणालीतून काढू नये.